कुंपणावरची ताडपत्री

पालिकेच्या निरीक्षकाने कागद हातात दिला आणि तो वाचता वाचता सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन घरांमधल्या सामायिक कुंपणापाशी दोन्ही बाजूंची कुत्री दिवसभर भुंकतात, एकमेकांच्या अंगावर धावून जातात, जाळीतून चावे घेतात, अशी तक्रार होती आणि तिच्याखाली गल्लीतल्या अकरा घरांच्या सह्या होत्या. अकरा! त्यातल्या चार घरांचे पडदे सूनबाईने स्वतःच्या हातांनी शिवून दिले होते. त्याच पडद्यांआड बसून सह्या केल्या असणार मेल्यांनी.

"एकवीस दिवसांनी मी परत येईन," निरीक्षक म्हणाला. "तोवर सुधारणा दिसली नाही तर दोन्ही कुत्री उचलावी लागतील."

"उचलाल. मग परत कधी द्याल?"

तो स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. "चावरं म्हणून नोंद झालेलं जनावर परत देत नाहीत, बाई."

म्हणजे काय ते तिला कळलं. न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती.

तिच्या कुत्र्याचं नाव खडू. पांढराफटक, एकच कान काळा, आणि तो कानही गेल्या महिन्यापासून अर्धाच, कारण उरलेला अर्धा जाळीपलीकडच्या कुत्र्याने नेला होता. सहा वर्षांपूर्वी ताडपत्रीच्या कारखान्यात, कापडाच्या ढिगाखाली, ते पिल्लू तिला सापडलं आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून तिने ते घरी आणलं. नवरा लांबच्या फेऱ्यांवरचा ट्रकड्रायव्हर. महिन्यातले चार दिवस घरी, त्यातले दोन झोपेत. दारातून आत आल्यावर तिला बघून ज्याला आनंद होतो असा जीव घरात खडू एवढाच होता. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण होतं तसं.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे अण्णा, तिचे सासरे. अण्णा त्याच कारखान्यात तीस वर्षं फोरमन होते. त्यांनी एक हाक मारली की चाळीस मशीनं थांबायची, आणि शिव्या द्यायला लागले की नवी माणसं पाणी प्यायच्या निमित्ताने पसार व्हायची. ट्रकच्या ताडपत्र्या शिवायला सूनबाईला शिकवलं त्यांनीच, आणि पुढे मुलासाठी मागणी घातली तीही त्यांनीच. आठ महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, पाय अर्धा गेला आणि शब्द सगळे गेले. उरला तो एकच. भूक लागली तरी "ते", चष्मा हवा असला तरी "ते", आणि काहीच नको असलं तरी "ते, ते". डॉक्टर म्हणाले, आता जे येईल ते येईल. आठ महिन्यांत काही आलं नव्हतं.

सूनबाई कागद घेऊन तडक जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर नव्हते. कंपाउंडर बाई एका मांजराच्या पायाला पट्टी गुंडाळत होत्या. त्यांनी वर न बघताच विचारलं, "कुत्रं भुंकलं की तुम्ही काय करता?"

"ओरडते. गप्प बस म्हणते."

"केवढ्यानं?"

"गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं."

"म्हणजे तुम्ही पण भुंकता. त्याला वाटतं, वा, मालकीणबाई आल्या मदतीला!" मांजराने पाय ओढला, बाईंनी तो परत ओढून घेतला. "आता मी सांगते ते करा, नाहीतर घरी जा. कुंपण झाकून टाका, पलीकडचं काही दिसता कामा नये. कुत्र्याला एकट्याला अंगणात सोडायचं नाही. तुम्ही असाल तेव्हाच, लांब दोरीला बांधून. त्याचे कान ताठ झाले की भुंकायच्या आधी हाक मारायची, हळू आवाजात, आणि आला की तोंडात अंड्याचा तुकडा. भुंकल्यावर हाक मारून उपयोग नाही, तोवर गाडी सुटलेली असते. आणि घरात आवाज चढवायचा नाही. कुणीच नाही."

"आणि पलीकडचं कुत्रं?"

"त्यांनीही हेच करायचं. रोज दोघींनी मिळून फिरवा दोघांना, रस्त्याच्या दोन कडांनी. रोज थोडं जवळ यायचं."

दोघींनी मिळून! सूनबाईला कंपाउंडर बाईंच्या हातातली कात्री उचलून भिंतीवर मारावीशी वाटली. पलीकडची म्हणजे गाडी चालवायला शिकवणारी बाई. दिवसभर शेजारच्या सीटवरून "ब्रेक! ब्रेक!" असं किंचाळून तिचा घसा कायमचा बसला होता आणि गल्ली तिला ब्रेकबाई म्हणायची. कुत्र्याचं नाव तिने ठेवलं होतं क्लच. खडूचा अर्धा कान क्लचच्या पोटात गेल्यापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

पण जिवावर बेतलं की माणूस नाक मुठीत धरतं. सूनबाईने फाटकातूनच ब्रेकबाईला पाचही गोष्टी सांगितल्या, एका दमात, तिच्याकडे न बघता. ब्रेकबाईने तशाच, न बघता, ऐकल्या. "साडेपाचला," ती म्हणाली आणि आत गेली. तिच्याही हातात तोच कागद होता.

झाकायचं काम सूनबाईने दोन दुपारींत उरकलं. ताडपत्री म्हणजे तिच्या हातचा मळ. चौदा हात लांब, माणूसभर उंच, कडेला दुहेरी शिवण, वीतभर अंतरावर पितळी कड्या आणि प्रत्येक कडीत दोरी. दोरी ओवून तिने जाळीला गाठी मारल्या, आणि मारल्या त्या सुरगाठी. कारखान्यात अण्णांनी सगळ्यांना हीच गाठ घोटून घोटून शिकवली होती. ड्रायव्हर भर पावसात एका हाताने दोरीचं टोक ओढतो आणि गाठ सटकन सुटते, असली गाठ. सोळा वर्षं तिच्या बोटांनी दुसरी गाठ मारलीच नव्हती. तिने विचारच केला नाही, बोटं आपली चालत गेली.

मग सुरू झाली ती एक शिक्षाच. दुपारी दोनला कामावरून आल्यावर ती दोरी हातात धरून अंगणात बसायची, मांडीवर उकडलेल्या अंड्याची वाटी. पलीकडे क्लचची नखं फरशीवर वाजली की खडूचा दीड कान ताठ व्हायचा, आणि तिला कंठाशी आलेली किंकाळी गिळून गोड आवाजात म्हणायला लागायचं, "खडू, ये बाळा." बाळा म्हणे! पहिल्या दिवशी तो वीस वेळा तिला ओढत ताडपत्रीपर्यंत घेऊन गेला आणि तिच्या तळहातावर दोरीचा लाल पट्टा उठला. तिसऱ्या दिवशी तो हाकेवर एकदा थबकला. पाचव्या दिवशी क्लच पलीकडे भुंकला तरी खडू तिच्याकडे आला, आणि तिने अख्खं अंडं त्याच्या तोंडात कोंबलं.

संध्याकाळी साडेपाचला रस्त्याच्या दोन कडांनी दोन बायका दोन कुत्री घेऊन चालायच्या आणि चौघांपैकी कुणीही कुणाकडे बघायचं नाही. बघे मात्र होते. अकरा घरं गॅलरीत येऊन उभी राहायची. आठवड्याभरात कुत्री जवळ आली, बायका होत्या तिथेच राहिल्या.

घरातही आता कुजबुजच होती. रेडिओ बंद, भांडी जपून. अण्णा पुढच्या खोलीत खुर्चीत बसून असायचे. येणारेजाणारे त्यांच्यापुढे वाकून म्हणायचे, "अण्णाऽ, जेवलात का हंऽ? छान हंऽ!" तान्ह्या मुलाशी बोलावं तसं. सूनबाईही तशीच बोलायची. आजारी माणसाशी कसं बोलतात? तसंच.

आठव्या दिवशी ती कामावरून आली तर ताडपत्री अर्धी खाली लोंबत होती. वारा असेल, म्हणून तिने परत बांधली. पण त्या दुपारी खडू कुंपणावर असा काही झेपावला की आतापर्यंतचं शिकवलेलं पार धुऊन गेलं. दहाव्या दिवशी पुन्हा तेच. आणि या वेळी खडूही अंगणात मोकळा होता. जाताना त्याला आतल्या खोलीत ठेवून तिने बाहेरून कडी घातली होती. कडी जुनी, सैल, निघाली असेल. पण गाठी? चार गाठी सुटल्या होत्या, फाटलं काहीच नव्हतं. कुत्र्याचे दात दोरी कुरतडतात, गाठ सोडत नाहीत. हात लागला होता कुणाचातरी.

कुणाचा, याबद्दल तिला जराही शंका नव्हती.

साडेपाचला ब्रेकबाई क्लचला घेऊन बाहेर आली आणि सूनबाईने तिला रस्त्याच्या मधोमध गाठलं. "लाज नाही वाटत? माझ्या ताडपत्रीला हात लावता?"

"मी?" ब्रेकबाईचा बसलेला घसा आणखी बसला. "मला काय धंदे नाहीत?"

"तुमच्याच बाजूनं सोडलीय कुणीतरी! माझं कुत्रं गेलं की तुमचं सुटेल, असं वाटतं का? दोन्हीची नावं आहेत कागदावर, वाचता येतं ना?"

"आधी आपल्या घरात बघा!" ब्रेकबाई म्हणाली. "दुसऱ्यावर आळ घेताय ते!"

"माझ्या घरात काय बघू? एक आजारी म्हातारा माणूस आहे माझ्या घरात. त्याच्यावर घालता?"

ब्रेकबाईने तोंड उघडलं, मिटलं, आणि क्लचला ओढत परत घरात गेली. गॅलऱ्यांत सगळे तृप्त झाले. त्या दिवसापासून फिरणं बंद पडलं आणि सूनबाई रागाने एकटीच अंडी उकडत राहिली. आता कोंडवाड्याची गाडी आली तर ती त्या बाईच्या पापामुळे येणार, हे तिने नवऱ्याला फोनवर तीनदा सांगितलं. नवरा म्हणाला, "बरं, बरं," आणि गाडी चालू केल्याचा आवाज आला.

पंधराव्या दिवशी कारखान्यात वीज गेली आणि अकरालाच सुट्टी झाली. गल्लीच्या तोंडाशीच तिला भुंकणं ऐकू आलं. ती पळत सुटली. चोराला मुद्देमालासकट पकडायचं आणि झिंज्या उपटायच्या, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

फाटकाशी येऊन ती खिळून उभी राहिली.

ताडपत्री पुरी खाली आली होती. खडूचे पुढचे दोन्ही पाय जाळीवर, पलीकडून क्लचचे, मध्ये नुसते दात. आणि खडूच्या शेजारी काठी टाकून, डाव्या हाताने जाळी धरून, अण्णा उभे होते. ते ओरडत होते.

"हरामखोरा! नालायका! उतर खाली! डोळे फुटले का तुझे? तुझ्या बापाची पेंड आहे का? गाढवा! चल हो बाजूला!"

पूर्ण वाक्यं! एकही अक्षर अडखळत नव्हतं. कारखान्यातला तो आवाज, ज्याने मशीनं थांबायची, तो जसाच्या तसा आठ महिन्यांनी अंगणात उभा होता. मग अण्णा थांबले. धापा टाकत त्यांनी डाव्या हाताची बोटं स्वतःच्या ओठांवर ठेवली आणि ती तिथेच राहू दिली. आत्ता इथून बाहेर पडलं ते आणखी थोडं आहे का, हे चाचपावं तशी.

तिला सगळं एका क्षणात कळलं. शिव्या त्यांच्या डोक्यात दुसऱ्याच कुठल्यातरी कप्प्यात राहिल्या होत्या आणि तो कप्पा राग आल्याशिवाय उघडत नव्हता. घरात त्यांना राग आणणारं कुणी नव्हतं. म्हणून अधूनमधून, ती कामावर गेली की, ते आतल्या खोलीची कडी काढायचे, एका हाताने एकेक सुरगाठ ओढायचे, आणि कुत्र्यांना भिडवून त्यांच्या भांडणात स्वतःचा आवाज शोधायचे. गाठ कशी सुटते हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत होतं? त्यांनीच तर शिकवली होती.

"अण्णा!" ती किंचाळली. "तुम्ही? माझ्याच घरातला चोर तुम्ही?"

तिचा आवाज ऐकताच खडू दुप्पट जोराने भुंकायला लागला. मालकीणबाई आल्या मदतीला! तिने दात आवळले, त्याच्या गळ्यातला पट्टा धरून त्याला फरफटत आत नेलं, कडी घातली आणि परत आली. अण्णा तिथेच होते.

"ते," ते म्हणाले. "ते... ते."

"आत्ता बोलत होता! कानांनी ऐकलंय मी! माझ्यासमोरच बरी दातखीळ बसते?"

त्यांनी जाळीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या तोंडाकडे. "ते."

"कळलं मला. न कळायला काय झालं?" तिने त्यांच्यासमोर सहा बोटं धरली. "सहा दिवस राहिलेत, अण्णा. सहा. माझ्या खडूला घेऊन जातील. मारून टाकतील त्याला. आठ महिने तुमचं सगळं केलं मी, हूं की चूं केलं नाही, आणि तुम्ही माझं कुत्रं मारायला निघालात?"

अण्णांनी मान खाली घातली. त्यांनी काठी शोधली, वाकून उचलताना दोनदा चुकले, पण तिने ती उचलून दिली नाही. मुद्दाम दिली नाही. ते घरात गेले.

तिला इतका राग आला होता की तो ठेवायला जागा नव्हती. कुणावर काढणार? ब्रेकबाई सुटली होती, वारा सुटला होता, कडी सुटली होती. उरला तो एक म्हातारा, ज्याला बोलायचं होतं. आणि उरला तो खडू.

तिने ताडपत्री उचलली आणि बांधायला घेतली. या वेळी सुरगाठ नाही. तिने दोरी पाण्यात भिजवली आणि निरगाठी मारल्या, एकावर एक दोन, पाय जाळीला टेकवून आवळल्या. दोन हातांच्या माणसालाही त्या सुटल्या नसत्या. वरच्या सगळ्या, खालच्या सगळ्या. प्रत्येक गाठीगणिक आपण कशावर गाठ मारतो आहोत हे तिला नेमकं माहीत होतं, आणि तरी तिने एकही ढिली ठेवली नाही. शेवटची आवळून झाल्यावर ती तिथेच खाली बसली आणि रडली. रागानेच रडली, पण रडली.

मग ब्रेकबाईचं दार वाजवावं लागलं. "चुकलं माझं," ती म्हणाली. असं बोलताना कानशिलं कशी तापतात ते बोलणाऱ्यालाच माहीत. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"तीनदा बघितलं. म्हटलं नव्हतं, आधी घरात बघा?"

"नीट सांगायचं ना मग!"

"तुम्ही ऐकत होता का नीट?" ब्रेकबाई दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "आणि खरं सांगू का? आठ महिन्यांत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. जाळीतून मला टवळे म्हणाले. बरं वाटलं हो. म्हणून जीभ रेटली नाही सांगायला."

साडेपाचला दोघी बाहेर पडल्या. या वेळी एकाच कडेने.

पुढचे सहा दिवस घरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. अण्णा अंगणात आले नाहीत. ताट निम्मं परत यायला लागलं. "अण्णा, थोडं खाता का हं?" ती म्हणायची, आणि अण्णा भिंतीकडे बघायचे. आता "ते"सुद्धा नव्हतं. खडू मात्र रोज शहाणा होत होता. क्लचची नखं वाजली की आता तो कुंपणाकडे न बघता सरळ तिच्या वाटीकडे बघायचा. जिंकत होती ती, पण त्यात तिला मुळीच चव नव्हती.

एकविसाव्या दिवशी निरीक्षक आला. त्याने कुंपण बघितलं, ताडपत्री बघितली आणि म्हणाला, "ही थोडी बाजूला करा."

ती गाठींना भिडली. गाठी सोडता सोडता दोन नखं मोडली. ताडपत्रीचं एक टोक खाली आलं आणि दोन्ही कुत्र्यांनी सहा दिवसांत पहिल्यांदा जाळीतून एकमेकांना बघितलं. खडूचा दीड कान ताठ झाला. मानेवरचे केस उभे राहिले. सूनबाईला ओरडावंसं वाटलं. तिने हळूच म्हटलं, "खडू."

तो हलला नाही. त्याने क्लचकडे बघितलं, अर्धवट कान हलवला, नाकातून एकदा फुस्स केलं. मग वळला आणि तिच्या पायाशी येऊन बसला. पलीकडे ब्रेकबाईच्या बसलेल्या घशातून "क्लच, ये" असं आलं आणि क्लचही गेला.

निरीक्षक अर्धा तास थांबला. एकही भुंकणं झालं नाही. त्याने कागदावर लिहिलं, सही केली आणि तिची प्रत तिला दिली. प्रकरण बंद. जाताना त्याने पुढच्या खोलीत डोकावून अण्णांना हात जोडले. "आजोबाऽ, बरे आहात ना हंऽ?" अण्णा भिंतीकडे बघत राहिले. निरीक्षक खूश होऊन तिला म्हणाला, "काय शांत घर आहे हो तुमचं! आजोबा तर किती शांत. असं हवं."

असं हवं.

फाटक लागल्याचा आवाज आला. कागद तिच्या हातात होता, खडू वाचला होता, तिने आनंदाने नाचायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात सणक गेली. असं हवं? ज्याच्या आवाजाला चाळीस माणसं टरकायची, तो माणूस भिंतीकडे बघत बसलाय, आणि असं हवं?

ती पुढच्या खोलीत गेली. आजवर वाकून, ज्या गोड सुरात ती बोलत आली होती त्याची तिला शिसारी आली. ती वाकली नाही. कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"सोळा वर्षं झाली, अण्णा," ती म्हणाली, आणि आवाज पहिल्याच शब्दाला चढला. "कारखान्यातला माझा पहिला महिना. माझी पहिली ताडपत्री. चाळीस जणांसमोर तुम्ही ती उचललीत आणि टराटरा उसवलीत. म्हणालात, हिला सुई कशाला देता, फावडं द्या! आठवतं?"

अण्णांनी भिंतीवरून नजर काढली.

"मी मोरीत जाऊन रडले होते. एकोणीस वर्षांची होते मी! आणि वर्षभरानं त्याच तोंडानं सून म्हणून मागायला आलात, आणि त्या दिवसाबद्दल आजपर्यंत एक चकार शब्द नाही. मी बोलले नाही कधी. सासरे ना तुम्ही! पोटात ठेवलं. आता नाही ठेवणार. ती शिवण सरळ होती, अण्णा!"

"ते," अण्णा म्हणाले. त्यांची मान लाल व्हायला लागली होती.

"ते काय? ते काय ते? सरळ होती! तुमचीच नजर वाकडी होती. फोरमन म्हणे! शिव्या देता येतात म्हणून फोरमन केलं होतं तुम्हाला, शिवण कळते म्हणून नव्हे!"

खडू दारात आला, दोघांकडे बघितलं, आणि आपलं यात काही काम नाही असं ठरवून मागच्या मागे निघून गेला. अण्णांचा डावा हात खुर्चीच्या हातावर आपटला. त्यांच्या ओठांची झटापट चालली होती, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

"सरळ!" ती त्यांच्या तोंडासमोर ओरडली.

"वा..."

"सरळ! सरळ! सरळ!"

"वाकडी!"

खिडकीची तावदानं हलली. पलीकडे ब्रेकबाईच्या घरातलं काहीतरी खाली पडलं.

"सरळ होती!"

"वाकडी! गाढव!" अण्णा खुर्चीतून अर्धे उठले होते. त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं तिच्या नाकासमोर धरली, जोडून, कारखान्यात माप दाखवायचे तशी. शब्द एकेक करून, धक्के खात येत होते, पण येत होते, आणि ते शिव्यांच्या कप्प्यातले नव्हते. "दोन... बोटं. दोन बोटं... वाकडी... होती!"

होतीच. दोन बोटं वाकडी होती, नेमकी दोन. तिला ते सोळा वर्षं माहीत होतं. त्यांनाही नेमकं माप अजून आठवत होतं, याचा तिला पत्ता नव्हता.

सूनबाईच्या डोळ्यांतून धार लागली होती आणि ती तिने पुसली नाही. तिने स्टूल ओढलं आणि गुडघ्याला गुडघा लावून त्यांच्यासमोर बसली.

"खोटं," ती ओरडली. "साफ खोटं! बोला पुढे."